रातपाळीची लाईट आणि हुलग्याचं माडगं

डिसेंबर लागला की पेपरात आमच्या निफाडजवळच्या (जि. नाशिक) कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातल्या किमान तापमानाचा आकडा छापून येतो आणि मुंबईच्या पाहुण्यांचे फोन सुरू होतात, "मज्जा आहे बुवा निफाडकरांची!" ज्यांना मजा वाटते त्यांनी एकदा पहाटे बागेत यावं. पारा चार-पाच अंशांवर उतरला की द्राक्षमण्यांची फुगवण थांबते आणि पाणी भरलेले मणी तडकायला लागतात. मग ओळींच्या कडेला काडीकचरा पेटवून धूर करायचा, आणि पहाटेच ठिबक सोडायचं, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असतं. त्यात शेतपंपाला लागणारी थ्री फेजची लाईट कधी दिवसा, तर कधी रातपाळीला. कांद्याचं दारं धरताना, म्हणजे वाफ्यांना पाणी देताना, पाय चिखलात आणि डोक्याला मफलर. त्यामुळे गरम काहीतरी पिणं ही आमच्याकडे हौसेची गोष्ट नाही.

चहा तर असतोच. बागेवर होतो तो कोरा. विहिरीच्या कडेला गवती चहाचं बेट आहे, त्याची दोन-तीन पाती मुरगाळून पातेल्यात टाकायची, आलं दगडानेच ठेचायचं, गूळ आणि चहा पावडर. दूध घालायचं असेल तर गूळ पातेलं खाली उतरवल्यावरच घालावा. उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटायची भीती असते, आणि पहाटे चारला कोण दुसरं दूध आणणार? म्हणून कोराच बरा. पण चहाची ऊब घशापुरती. अर्ध्या तासात परत दात वाजायला लागतात आणि पोटात आग पडते ती वेगळीच.

थर्मासमध्ये न्यायची खरी गोष्ट म्हणजे हुलग्याचं, म्हणजे कुळथाच्या भाजलेल्या पिठाचं, गरम पातळ माडगं. हुलगे आमच्या बागायती पट्ट्यात आता कोणी पेरत नाही. ते कोरडवाहू माणसाचं पीक, पाणी नसलं तरी तगणारं. आम्ही सिन्नरच्या बाजारातून आणतो. आजोबा बैलांना हुलगे भरडून घालायचे, त्यामुळे शिकलेल्या घरात ते ताटात वाढायची लाज वाटायची असा एक काळ होता. आईने ती लाज कधी धरली नाही. "बैल ओढतो ते उगाच नाही," एवढं बोलून ती वाटी पुढे करायची.

करायला सोपं आहे, पण दोन ठिकाणी घाई चालत नाही. पहिलं म्हणजे भाजणं. हुलगे निवडून (खडे फार असतात, आणि रंगही तसाच, चष्मा लावा) लोखंडी कढईत मंद आचेवर भाजायचे. आधी कच्चट वास येतो, मग खमंग, आणि दाणा चावला की कुडूम वाजला पाहिजे. मग गार करून गिरणीतून बारीक दळून आणायचे. गिरणीवाल्याला सांगायचं, गव्हावर टाकू नको, हरभऱ्यावर टाक. नाहीतर पुढच्याच्या पोळ्या मातकट होतात आणि तो आपल्या नावाने ओरडतो.

दुसरं म्हणजे पीठ लावणं. माणशी मोठा ग्लासभर पाणी, त्याला दोन मोठे चमचे पीठ. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं. उकळत्या पाण्यात कोरडं पीठ टाकलं की प्रत्येक गोळ्याचं बाहेरचं आवरण लगेच शिजून चिकट होतं आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. मग कितीही घोटा, गाठी मोडत नाहीत. कालवलेलं पीठ आधणात बारीक धारेने सोडायचं, दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. सात-आठ मिनिटं चांगलं खदखदलं की रंग गडद होतो आणि कच्चेपणा जातो. मग गूळ, सुंठ, चिमटीभर मीठ. वाटीत ओतल्यावर वरून तूप. हे झालं गोड माडगं, म्हातारी माणसं आणि लहान पोरं यांच्यासाठी. मला तिखट लागतं. तुपात जिरं, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची तडतडवून तेच पीठ त्यात लावायचं, गूळ नाही. थर्मासला नेताना जरा पातळच ठेवावं, कारण हे निवत जाईल तसं घट्ट होतं आणि झाकणातून बाहेर यायला नकार देतं.

उरलेल्या पिठाचे संध्याकाळी शेंगोळे. ते काही पिण्याचे नाहीत, पण त्यांचा रस्सा पिण्याचाच आहे. पिठात लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण घालून घट्ट भिजवायचं, तळहातावर वळून कडी करायची आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात एकेक सोडायची. शेंगोळ्यांचं पीठ सुटत सुटत रस्सा आपोआप दाट होतो. घरातले सगळे शेंगोळे वेचतात, मी रस्सा ओरपतो. वाटणी ठरलेली आहे.

आता हिच्याकडची गोष्ट. बायको कुडाळची. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तिने माडगं पाहिलं आणि म्हणाली, "ही तर पिठी, पण तुम्ही तिची खीर केलीत!" तिच्याकडे कुळीथ भाजून, भरडून, साल पाखडून मग दळतात, त्यामुळे पीठ जास्त मऊ आणि फिकट. खोबरेल तेलात भरपूर लसूण लाल होऊ द्यायचा, मोहरी, हिंग, हळद, मिरची, पाणी, दोन-तीन आमसुलं, मग पीठ. वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर. सोबत गुरगुट्या भात आणि चुलीत भाजलेला सुका बांगडा. बांगड्याचा वास आईला सोसत नाही, म्हणून तो कार्यक्रम मागच्या पडवीत होतो. गंमत म्हणजे कुडाळात पिठी थंडीची नाहीच. तिथे थंडी असते कुठे! मासेमारी बंद असते त्या पावसाळ्यात, किंवा घरात काहीच नसताना, किंवा ताप येऊन तोंडाची चव गेली की पिठी. सासूबाईंना फोनवर सांगितलं की आम्ही थोडी घट्टच करतो, तर त्या म्हणाल्या, "घट्ट पिठी कोण खाता?" विषय संपला.

मी म्हणेन की आमच्या गारठ्याला पिठीच जास्त लागू पडते. आमसुलाच्या आंबटपणाने नाक मोकळं होतं, लसणाने छाती. आईसमोर हे बोलत नाही, इथे लिहितोय.

काढ्याबद्दल लोक विचारतात. 2020 च्या एप्रिलमध्ये आयुष मंत्रालयाने जाहीर केलेलं प्रमाण माझ्या अजून लक्षात आहे: तुळस 4 भाग, दालचिनी 2, सुंठ 2, काळी मिरी 1. साधं, समजूतदार प्रमाण होतं. पण आमच्या आळीत प्रत्येकाने त्यात आपली भर घातली. कोणी लवंगा मूठभर, कोणी ओवा, कोणी गुळवेल, आणि दिवसातून चार वेळा. तोंड आलं, पोट जळालं, तरी पीतच होते. काढा हे औषध आहे, औषधासारखा घ्या. भूक लागलेल्या माणसाला काढा देऊ नये, त्याला पिठी द्यावी. हळदीच्या दुधाचंही तसंच. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, तिला स्निग्ध लागतं. तेव्हा साय काढून टाकलेल्या दुधात ती घालून वर नाक मुरडण्यात अर्थ नाही. सायीसकट दूध घ्या, नाहीतर झोपा.

रविवारी मटण असेल तर पहिली वाटी अळणीची. कांदा, आलं-लसूण, हळद, मीठ आणि नळीचे तुकडे, पातेल्यात झाकण ठेवून निवांत शिजवलेलं. काळ्या मसाल्याचं वाटण पडायच्या आधी वरचं पाणी पोरांसाठी काढून ठेवतात. मी अजून पोरांच्या रांगेत बसतो. मिरी कुटून घातली की बस. हॉटेलात गेल्यावर ते कॉर्नफ्लोअर लावलेलं मंचाव मागवणाऱ्या भाच्याला मी एकदा अळणीची वाटी दिली. त्याने वर तळलेल्या शेवया मागितल्या. घरात शेव होती, ती टाकून प्यायला, आणि खरं सांगू? वाईट लागत नाही.

हुलग्याचं पीठ एकदम जास्त दळून ठेवू नका. किलोभर पुरे, तेही स्टीलच्या डब्यात. भाजलेलं असलं तरी पावसाळ्यापर्यंत त्यात जाळी धरते. आणि आमच्याकडे तर होळी झाली की हुलगा उष्ण म्हणून आई डबा माळ्यावर टाकते, मग मागायची सोय नाही. ज्यांना हवंय त्यांनी आत्ताच बाजार करा.