समुद्र नसलेली खाडी

‘कूपर खाडी ही ऑस्ट्रेलियातील एक खाडी आहे.’

लेखाचं पहिलंच वाक्य हे. मुक्त ज्ञानकोशातले लेख तपासायचं, जमेल तेवढे सुधारायचं व्यसन मला बऱ्याच वर्षांचं आहे. व्यसनच म्हणायचं; पैसे नाहीत, नाव नाही, आणि एका स्वल्पविरामापायी अनोळखी माणसाशी आठवडाभर वाद. तर हा लेख तपासायला घेतला आणि पहिल्याच वाक्याशी अडलो. व्याकरण चोख होतं. नकाशा उघडून पाहिला, तर या खाडीला समुद्रच सापडेना.

खाडी म्हटली की आपल्याला भरती-ओहोटी आठवते, पाय ओढून घेणारा चिखल, खारफुटी, कालवं. हा लेख इंग्रजीवरून अनुवादलेला, आणि मूळ नाव ‘कूपर क्रीक’. इंग्रजांच्या घरी ‘क्रीक’चा अर्थ खाडीच्या जवळचाच. पण तो शब्द जहाजांतून अमेरिकेला नि ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथे किनारा सोडून पार आत शिरला. तिकडे क्रीक म्हणजे ओढा. अनुवादकाने खाडी हा अर्थ उचलला, आणि एकदा खाडी म्हटल्यावर पुढचं सगळं ओघाने आलं. उन्हाळ्यात पाणी आटतं, तिथे ‘ओहोटी लागते’ आलं. लेख ‘सागरी भूरूपे’ या वर्गात जाऊन बसला. पेलिकनांच्या छायाचित्राखाली ओळ आली, ‘खाडीवरील समुद्रपक्षी’. चूक एका शब्दाची, पण तिने चांगला संसार थाटला होता.

प्रत्यक्षात हे पाणी समुद्राकडे पाठ करून वाहतं. क्वीन्सलंडमधून निघून सुमारे १,३०० किलोमीटर रखरखाटातून आयर सरोवराकडे जातं, आणि त्या सरोवराचा तळ समुद्रसपाटीच्याही सुमारे १५ मीटर खाली. तिथवर पोचतं तेही मोठ्या पुराच्या वर्षीच. एरवी वाटेतच जिरतं, वाफ होऊन जातं, नाहीतर डोहाडोहांतून पडून राहतं.

मग मी खाडी खोडून ‘ओढा’ लिहिलं. धूळपाटीवर, म्हणजे कच्च्या लिखाणाच्या पानावर लिहिलं, तेवढं शहाणपण केलं. १,३०० किलोमीटरचा ओढा! ओढा म्हणजे चपला हातात घेऊन ओलांडायची गोष्ट. शिवाय खाडी होती ती, ओढा झाला तो. म्हणजे लेखभर वाहते, आटते, पसरते यांची शस्त्रक्रिया आलीच. इंग्रजी लेख लिहिणाऱ्याला ही कटकट कधी कळायची नाही.

‘नदी’ लिहावं, तर नाव देणाऱ्याचाच विरोध. १८४५ साली चार्ल्स स्टर्ट हा शोधप्रवासी तिथे पोचला तेव्हा पाणी होतं, पण त्याला ओढ नव्हती. वाहत नाही तिला नदी कशी म्हणायची, म्हणून त्याने क्रीक म्हटलं आणि न्यायाधीश चार्ल्स कूपर यांचं नाव जोडून दिलं. माणूस काटेकोर. असे संपादक आम्हाला मिळत नाहीत. गंमत अशी, की वरच्या अंगाला थॉमसन आणि बार्कू या दोन धडधडीत नद्या एकत्र येतात आणि तिथून पुढे जे सुरू होतं, ते कूपर क्रीक.

पहिलं वाक्य तसंच लोंबकळत ठेवून खाली सरकलो. ‘स्टर्टने या खाडीचा शोध लावला.’ इथे ‘नाव दिले’ केलं. काठावर यांद्रुवांधा लोक पिढ्यानपिढ्या राहत होते. त्यांना लेखात ‘स्थानिक जमात’ एवढ्यावर उरकलं होतं. पुढे ‘खोदकाम वृक्ष’ नावाचं काहीतरी होतं. मूळ इंग्रजी नाव ‘डिग ट्री’. बर्क आणि विल्स या शोधप्रवाशांची मोहीम उत्तरेकडे गेली, तेव्हा मागे थांबलेली तुकडी या काठावर चार महिने वाट पाहत होती. २१ एप्रिल १८६१ च्या सकाळी ती अखेर निघाली, आणि बर्क, विल्स नि त्यांचा साथीदार किंग त्याच संध्याकाळी परत आले. निघालेल्यांनी शिधा पुरून झाडावर कोरलं होतं, खणा. मी ‘खोदकाम वृक्ष’ खोडलं आणि थोडा वेळ काहीच लिहिलं नाही. काही तासांची चुकामूक ज्ञानकोशाच्या भाषेत लिहायची म्हणजे सकाळची नि संध्याकाळची वेळ नोंदवायची आणि गप्प बसायचं. ‘दुर्दैवाने’ हा शब्द चालत नाही.

बर्क आणि विल्स त्याच काठावर वारले. नार्डू नावाच्या नेच्याचं पीठ ते खात होते. ते नीट कसं करून खायचं, हे यांद्रुवांधांना माहीत होतं. किंग वाचला तो त्यांनी सांभाळला म्हणून. सप्टेंबरमध्ये शोधपथक आलं तेव्हा तो त्यांच्यातच होता. हे मी एका वाक्याचं चार वाक्यांत केलं, आणि त्याबद्दल मला खंत नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चापानावर मूळ अनुवादक हजर. ‘छायाचित्रात पेलिकन आहेत. म्हणजे समुद्र जवळच असणार ना?’ मी सविस्तर उत्तर दिलं: आयर सरोवर भरलं की पेलिकन शेकडो किलोमीटर आत येतात, घरटी करतात, पाणी आटलं की जातात. सागरी वर्ग काढल्याचंही सांगितलं. त्यांना पटलं. लगेच विचारलं, ‘मग पहिल्या वाक्यात काय लिहायचं? दोन नद्या मिळून एक ओढा होतो, असं?’

धूळपाटीवर त्या वाक्याचा सातवा खर्डा आहे. सध्या ‘कूपर क्रीक हा’ इथवर आलोय, आणि ‘हा’ वर कर्सर लुकलुकतोय.