मावशींची उलटतपासणी

"गडी वाईट नाही हो, दारू वाईट." मुलाचा खून झाल्यापासून गावानं मावशींना हे इतक्यांदा ऐकवलं होतं, की माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांनी आधी मलाच विचारलं, "तुमी बी तेच म्हननार का?"

मी त्यांच्या वतीनं सरकारी वकिलांना साहाय्य करत होते. कागदावर प्रकरण सरळ. हळदीची रात्र, डीजेवरून बाचाबाची आणि लहानपणापासूनच्या मित्राच्या हातातला कोयता. घटना जुलै २०२४ च्या आधीची, म्हणून खटला जुन्या दंड संहितेच्या कलम ३०२ खाली. बचावाची सगळी भिस्त दारूवर. आरोपीला भान नव्हतं, तेव्हा फार तर सदोष मनुष्यवध, म्हणजे खुनाहून कमी गुन्हा धरा, असा त्यांचा सूर.

लोकांना वाटतं तितका कायदा इथं मऊ नाही. आपखुशीनं प्यालेल्याला शुद्धीतल्या माणसाइतकीच जाण होती, असं कलम ८६ धरून चालतं. हेतू होता का, हे मात्र परिस्थितीवरून ठरवावं लागतं. बासदेव खटल्यात लग्नातल्या जेवणाच्या वेळी मुलगा जागेवरून सरकला नाही, म्हणून लष्करातल्या एका निवृत्त जमादारानं त्याच्यावर गोळी झाडली होती. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा. जमादार झिंगलेला होता, पण आपला आपण चालत होता आणि नंतर पळायलाही बघत होता. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याला खुनासाठीच दोषी धरलं. युक्तिवादात मी हेच मांडणार होते. मावशींना बासदेव कोण हे ठाऊक असायचं कारण नव्हतं.

साक्षीच्या दिवशी त्या पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. बचावाचे वकील अगदी गोड आवाजात विचारत होते.

"आजी, दोघं एका ताटात जेवायचे ना?"

"जेवायचे. माज्याच हातचं."

"त्या रात्री आरोपीला धड उभंही राहता येत नव्हतं?"

"झुलत व्हता."

"म्हणजे त्याला शुद्ध नव्हती."

"शुद्ध नव्हती, तर कोयता आनाया सोताच्या घरी बरा गेला? अंधारात दुसऱ्याचं दार न्हाई ठोठावलं. आन् मागनं आमच्याच हौदावर हात धुतलं."

वकिलांनी पुढचा प्रश्न विचारला नाही. न्यायाधीशांनी टंकलेखकाला सांगितलं: आरोपीस शुद्ध नव्हती हे म्हणणे खरे नाही. आरोपी स्वतःच्या घरी जाऊन कोयता घेऊन आला.

बाहेर व्हरांड्यात दुसऱ्या टोकाला आरोपीची बायको लेकराला घेऊन बसली होती. मावशी म्हणाल्या, "तिचा काय दोष? ती बी मारच खात व्हती." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, बाटलीवर किती दिस राग धरायचा? ती काय उत्तर देती?"

भरपाईच्या अर्जावर सही करायला त्या आजवर तयार नव्हत्या. पोराचे पैसे नकोत, म्हणायच्या. ती रक्कम विधी सेवा प्राधिकरणामार्फत सरकार देतं, आरोपीच्या घरून काही येत नाही, हे मी पुन्हा एकदा समजावलं. नातीच्या शाळेचा विचार करून त्या दिवशी त्यांनी सही केली.

निघताना विचारलं, "मी आत बोलले त्याचा कागद मिळंल का? भावकीत वाचून दावायचाय."

नकलेचा अर्ज मी त्याच दुपारी टाकला.