अण्णाआजोबा पोलिसात नव्हते

ऑक्टोबर सरत आला की इथं ब्रायटनला लोकांच्या कोटावर कागदाची लाल फुलं दिसायला लागतात. पहिल्या वर्षी मला तो कुठल्या तरी पक्षाचा बिल्ला वाटला होता. नंतर कळलं की ही ११ नोव्हेंबरची तयारी. १९१८ साली त्या दिवशी पहिलं महायुद्ध थांबलं, म्हणून लढाईत गेलेल्यांच्या आठवणीसाठी खसखशीचं फूल लावायचं.

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा वंशावळ जमवणारी मंडळी बसतात. बहुतेक सगळे निवृत्त. चहा, बिस्किटं आणि दीडशे वर्षांपूर्वीचे बाप्तिस्मे. मी त्यांच्यात जाऊन बसले ती सोलापूरच्या भाच्यामुळे. त्यानं लॉकडाऊनमध्ये घराण्याची वंशावळ कॉम्प्युटरवर चढवायला घेतली आणि फौजेतल्या माणसांचं खातं माझ्या गळ्यात घातलं. "आत्या, तू तिकडं आहेस, इंग्रजांचे कागद तुलाच मिळणार." कागद इतके सहज मिळत नाहीत हे त्याला अजून पटलेलं नाही. साहेबांच्या नेमणुका-बढत्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सापडतात. साध्या शिपायाचे कागद असलेच तर हिंदुस्थानात, पलटणीच्या दफ्तरात. पंजाबातल्या सुमारे ३,२०,००० जवानांची पहिल्या महायुद्धातली नोंद लाहोरच्या संग्रहालयात निघाली आणि २०२१ मध्ये लोकांना बघायला मिळाली, तेव्हा माझ्या शेजारी बसणारे पंजाबी काका महिनाभर हवेत होते. मी आपली त्यांचे पेढे खाऊन घरी आले.

तर त्या प्रोग्रॅममध्ये माणसाच्या नावाखाली 'सैन्यसेवा' असा रकाना आहे आणि त्याखाली 'कोणते युद्ध'. तिथं टिचकी मारली की यादी उघडते. पहिलं महायुद्ध, दुसरं महायुद्ध, कोरिया, व्हिएतनाम आणि शेवटी 'इतर'. आमचं अर्धं घराणं 'इतर'मध्ये जातं.

अण्णाआजोबांच्या, म्हणजे माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाच्या नावापुढे भाच्यानं काय लिहावं? 'नोकरी : पोलीस'. मी विचारलं, हे कुणी सांगितलं? म्हणाला, "सगळेच म्हणतात की, अण्णा पोलीस ॲक्शनला होते." चूक त्याची एकट्याची नाही. मलाही दहावीपर्यंत वाटायचं की अण्णाआजोबांकडं दंडुका असणार. खरं तर ते फौजेत ट्रक चालवायचे.

सोलापूरकरांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको, पण आमच्या भाच्याच्या पिढीला सांगावी लागते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौज निजामाच्या राज्यात शिरली. फौजेच्या कागदावर नाव ऑपरेशन पोलो. हल्ल्याचा मुख्य रोख आपल्या सोलापुरातून, मेजर जनरल जे. एन. चौधुरींच्या हाताखाली. रणगाडे नळदुर्गच्या रस्त्यानं हैदराबादकडं निघाले. १७ तारखेला निजामानं हात टेकले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या सेनापतीनं चौधुरींपुढं शरणागती दिली. मराठवाडा १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन पाळतो तो यामुळेच. रणगाडे होते, तोफा होत्या, विमानं होती, माणसं मेली. पण सरकारनं त्याला युद्ध म्हटलं नाही, 'पोलीस कारवाई' म्हटलं. हा आमच्या घरचा प्रश्न आहे, परराष्ट्र धोरण नव्हे, असं जगाला दाखवायचं होतं. त्या एका शब्दानं पुढं पंचाहत्तर वर्षांनी आमचे अण्णाआजोबा पोलीस झाले.

मोठ्या काकूला फोन लावला. ती त्या वेळी सहा-सात वर्षांची. "रझाकारांच्या भीतीनं पलीकडची माणसं गाठोडी घेऊन सोलापुरात आली होती बघ. आमच्या पडवीत दोन घरं राहिली होती. अण्णा मध्येच एकदा ट्रक घेऊन दारात आला, पाणी पिला आणि गेला." आता ही पाणी पिण्याची गोष्ट कुठल्या रकान्यात टाकू? मी युद्धाच्या जागी 'हैदराबाद, सप्टेंबर १९४८' लिहिलं आणि खाली टिपेत घरचं नाव, 'पोलीस ॲक्शन', तसंच ठेवलं. वाचनालयातल्या एका आजोबांनी (ते स्वतः निवृत्त पोस्टमन) मला हाच धडा दिला होता. युद्धाचं नाव शेवटी लिहायचं. आधी पलटण, मग जागा, मग तारखा. नाव सरकार बदलतं, जागा बदलत नाही.

हे तंत्र पणजोबांवर वापरलं आणि घरात वादळ झालं. पणजोबा 'बसऱ्याला गेलेले'. आमच्याकडं हे वाक्य चौदा सालच्या लढाईला, म्हणजे पहिल्या महायुद्धाला चिकटलेलं, इतकं की दिवाळीत त्यांच्या फोटोला हार घालताना आजी इराकमधल्या कूतच्या वेढ्यातल्या उपासमारीची गोष्ट सांगायची. कूतला मराठा पलटणी अडकल्या होत्या हे खरं. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला आणि शेवटी शरण जावं लागलं. पण भाच्यानं ट्रंकेतल्या पदकाचा फोटो पाठवला तर त्याच्या रिबनीवर धातूची पट्टी, आणि पट्टीवर 'इराक'. ती पट्टी १९१९-२० ची, म्हणजे महायुद्ध संपल्यावर तिथल्या लोकांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला, तो मोडायला जी फौज होती तिची. पणजोबा वेढ्यात उपाशी नव्हते. ते दुसऱ्याचा उठाव मोडत होते. आजी गेली हे बरं झालं, असं मला क्षणभर वाटलं.

ते तिकडं मेले असते तर मात्र पहिल्या महायुद्धातच मोजले गेले असते. युद्धसमाध्या सांभाळणारा राष्ट्रकुल आयोग पहिल्या महायुद्धाची मुदत ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंत धरतो, दुसऱ्याची ३१ डिसेंबर १९४७ पर्यंत. म्हणजे मेलेल्याला एक युद्ध आणि जिवंत परतलेल्याला दुसरं. भाचा म्हणाला, "आत्या, आपण दोन्ही लिहू की." त्याला मी नको म्हटलं.

'ऑपरेशन विजय' हाही असाच घोळ. चुलतभावाच्या कागदावर तेवढंच आहे. या नावाच्या मोहिमा दोन, १९६१ ची गोव्याची आणि १९९९ ची कारगिलची. चुलतभाऊ १९७५ चा जन्मलेला, म्हणून सुटलो.

अडलंय ते मामांपाशी. मामा 'एकाहत्तरच्या लढाईतले'. लग्नाकार्यात त्यांना पुढच्या खुर्चीत बसवतात, पोरं त्यांच्याकडून ढाक्याच्या गोष्टी ऐकतात. मामीनं पदकांचा फोटो पाठवला. त्यात संग्राम मेडल आहे. हे त्या काळात फौजेत नोकरीला असलेल्या जवळजवळ सगळ्यांना मिळालं. प्रत्यक्ष आघाडीवर असलेल्यांना पूर्वेकडं पूर्वी स्टार, पश्चिमेकडं पश्चिमी स्टार. यातलं एकही फोटोत दिसत नाही. हरवलं असेल. किंवा मामा तेव्हा कुठल्या डेपोत शिधा मोजत असतील. फौजेला तेही लागतंच.

भाचा रोज विचारतो, मामाआजोबांचं युद्ध भरलं का? मी रकाना रिकामा ठेवलाय. डिसेंबरात सोलापूरला येतेय, तेव्हा दुपारी सगळे झोपले की मामांजवळ बसेन आणि विचारेन, एकाहत्तरच्या डिसेंबरात तुम्ही कोणत्या गावी होता. युद्धाचं नाव काढणार नाही.