चार दिवसांचा आठवडा, पण तास कोणाचे?

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या भूमिगत रेल्वेतील अस्लेफ या चालकांच्या संघटनेने व्यवस्थापनाचा चार दिवसांच्या आठवड्याचा प्रस्ताव सभासदांच्या मतदानाने स्वीकारला. त्याआधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, सुधारित प्रस्ताव हाती आल्यावर तिने जाहीर केलेले संप मागे घेतले होते. आरएमटी या दुसऱ्या संघटनेने मात्र या बदलाला ठाम विरोध केला. दोन्ही संघटनांचे सभासद एकाच डेपोतून त्याच गाड्या चालवतात आणि कामाच्या एकाच तक्त्यावर त्यांच्या पाळ्या लागतात. त्यामुळे हा मतभेद केवळ पुढाऱ्यांच्या चढाओढीचा आहे असे म्हणून तो बाजूला सारणे मला अन्यायाचे वाटते.

मुळात चार दिवसांच्या आठवड्याला तत्त्वतः कोणाचाच विरोध नाही. आरएमटीची स्वतःची मागणीही चार दिवसांचीच आहे, परंतु ती बत्तीस तासांच्या आठवड्यासह आहे, आणि सप्टेंबर २०२५ मधील तिच्या संपात वेतनाइतकाच थकव्याचा आणि कामाच्या तासांचा प्रश्न पुढे होता. तेव्हा पस्तीस तासांचा आठवडा आणखी कमी करणे व्यवहार्य नाही आणि परवडणारेही नाही, असे व्यवस्थापनाने सांगितले. अस्लेफने स्वीकारलेल्या प्रस्तावात कराराचे तास बहुतांशी तेच राहतात, जेवणाची सुट्टी पगारी होते आणि वर्षाला सुमारे पस्तीस दिवस चालकाला कामावर यावे लागत नाही. पस्तीस तास पाच दिवसांत वाटले तर सरासरी पाळी सात तासांची होते. चार दिवसांत वाटले तर ती पावणेनऊ तासांवर जाते. जेवणाच्या पगारी सुट्टीमुळे यातला काही भाग भरून निघतो, हे खरे. तरीही चालकाच्या प्रत्यक्ष दिवसाची लांबी वाढते, आणि वादाचे मूळ त्या वाढलेल्या वेळेत आहे.

लंडनच्या भूमिगत रेल्वेत हा वाढलेला वेळ कसा जातो, याचा विचार बाहेरून बोलणारे फारसे करत नाहीत. व्हिक्टोरिया मार्गावर १९६८ पासून गाडी बव्हंशी आपोआप चालते. चालक दारे सांभाळतो, गाडी सुटण्याची आज्ञा देतो आणि फलाटावरील गर्दीवर लक्ष ठेवतो. इतर अनेक मार्गांवरही आता तशीच व्यवस्था आहे. काम सोपे झाले असा याचा अर्थ काढला जातो, पण हाताला काम कमी आणि लक्ष मात्र अखंड जागे, अशी ही अवस्था असते, आणि तीही बऱ्याचदा बोगद्यात, दिवसाचा उजेड न दिसता. पहाटेच्या पाळीसाठी रात्र सरण्याआधीच उठावे लागते. अशा पाळीच्या शेवटच्या तासात आणि पहिल्या तासात फरक पडतो, हे आरएमटीचे म्हणणे मला पूर्ण पटते.

पण थकवा दुसऱ्या वाटेनेही येतो. १२ डिसेंबर १९८८ रोजी लंडनमधील क्लॅपहॅम जंक्शनजवळ झालेल्या रेल्वे अपघातात ३५ जण मृत्युमुखी पडले. ज्यांतील चुकीमुळे हा अपघात झाला त्या सिग्नलच्या तारांचे काम करणाऱ्या तंत्रज्ञाला तेरा आठवड्यांत केवळ एक दिवस सुट्टी मिळाली होती, हे अँथनी हिडन यांनी केलेल्या अधिकृत चौकशीत उघड झाले. त्यानंतर ब्रिटिश रेल्वेत एका पाळीला बारा तास, आठवड्याला बहात्तर तास आणि सलग तेरा दिवस अशा मर्यादा रूढ झाल्या. सुट्टीच न मिळाल्याने साठत जाणारा थकवा आणि एकाच लांब पाळीत चढत जाणारा थकवा, या दोन्हींची दखल त्या मर्यादांमध्ये एकत्र घेतली गेली. आजच्या वादात अस्लेफने पहिल्या थकव्याची बाजू धरली आहे आणि आरएमटीने दुसऱ्या. शहरातील घरे परवडत नसल्याने दूरवरून डेपो गाठणाऱ्या चालकाला आठवड्यातली एक खेप वाचणे किती मोलाचे वाटत असेल, हेही विसरता येत नाही.

इतिहास पाहिला तर या दोन्ही संघटनांच्या भूमिका एकेकाळी उलट होत्या. १९१९ पासून ब्रिटिश रेल्वेचालकांना आठ तासांच्या दिवसाची हमी होती. १९८२ मध्ये ब्रिटिश रेल या तेव्हाच्या सरकारी रेल्वेला ती मोडून सात ते नऊ तासांच्या लवचीक पाळ्या आणायच्या होत्या. आरएमटीची पूर्वज असलेल्या एनयूआरने ती योजना मान्य केली, आणि अस्लेफने आठ तासांसाठी त्याच वर्षी दोनदा संप केला. जुलैमधल्या संपात तिला ब्रिटनमधील कामगार संघटनांच्या मध्यवर्ती महासंघाचाही आधार उरला नाही आणि माघार घ्यावी लागली. पुढच्या काळात भूमिगत रेल्वेबाहेरच्या मुख्य रेल्वेमार्गांवरील अनेक कंपन्यांत पस्तीस तास आणि चार दिवस हे चालकांचे नेहमीचे वेळापत्रक झाले; भूमिगत रेल्वेच्या चालकांना त्यांच्या बरोबरीला आणावे, हा अस्लेफचा आजचा युक्तिवाद त्यातूनच येतो.

या संघटनांची घडणही वेगळी आहे. १८८० साली स्थापन झालेली अस्लेफ ही चालकांची संघटना आहे आणि भूमिगत रेल्वेच्या चालकांत तिचे बहुमत आहे. आरएमटीत चालकांबरोबर स्थानकांवरील आणि देखभालीचे कामगारही आहेत. तास न घटवता दिवस घटवण्याचा सौदा एका वर्गाने मान्य केला की तोच नमुना उद्या इतर वर्गांपुढे ठेवला जाईल, ही भीती अशा संघटनेला वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडेही लोको पायलटांच्या स्वतंत्र संघटना आणि सर्व रेल्वे कामगारांचे मोठे महासंघ यांच्यात अशी ओढाताण जुनी आहे. १९७४ च्या रेल्वे संपात आठ तासांच्या कामाची मागणी होती, आणि इंजिनावरील कर्मचाऱ्यांच्या तासांचा प्रश्न आजही मिटलेला नाही.

नवी पद्धत ऐच्छिक राहील आणि ज्यांना पाच दिवस हवेत त्यांना तसे काम करता येईल, असे व्यवस्थापन सांगते. माझी शंका नेमकी इथे आहे. एखाद्या डेपोत बहुसंख्य चालक चार दिवसांकडे गेले, तर उरलेल्या थोड्यांसाठी पाच दिवसांचा तक्ता जुळवणे अवघड होत जाते आणि अडनिड्या वेळेच्या पाळ्या त्यांच्याच वाट्याला येऊ शकतात. मतदानाने मिळालेल्या संमतीचा मान राखलाच पाहिजे, आणि ती रद्द करावी असे मी म्हणणार नाही. मात्र बहुमताने घेतलेल्या निर्णयाने लहान मुलांना शाळेतून आणणाऱ्या किंवा आजारी माणसाची शुश्रूषा करणाऱ्या चालकाची सात तासांची पाळी हिरावली जाता कामा नये. प्रत्येक डेपोत पाच दिवसांच्या पाळ्यांचे किमान प्रमाण किती राहील, पहाटेच्या पाळीची कमाल लांबी किती असेल आणि पहिल्या वर्षानंतर थकव्याच्या नोंदी दोन्ही संघटनांपुढे कशा ठेवल्या जातील, हे करारात लिहून घेण्यासाठी अस्लेफ आणि आरएमटी यांनी एकत्र बसायला हवे, कारण कमी तासांची मागणी तर पुढे दोघींनाही करायचीच आहे.