व्ही-५ आणि दोन बोटांचं अंतर

त्या दिवशी दुपारी दोनला आमच्या हृदयतपासणी विभागात वीस वर्षांचा एक नायजेरियन फुटबॉलपटू, विंगर, आला. डेन्मार्कमध्ये दोन हंगाम खेळलेला. इंग्लंडमधल्या क्लबाशी बोलणी पूर्ण झाली होती, सही तेवढी राहिली होती, आणि ट्रान्स्फर विंडो दुसऱ्या दिवशी बंद होणार होती. सोबत सकाळी दुसरीकडे काढलेला ईसीजी होता. त्यावर लाल पेनाने गोल काढलेला: टी-लहर, म्हणजे ठोक्यानंतर हृदय पूर्ववत होतानाची लहर, व्ही-१ पासून थेट व्ही-५ पर्यंत उलटी. व्ही-१ ते व्ही-६ ही छातीवर चिकटवायच्या सहा इलेक्ट्रोडची नावं, आणि त्या प्रत्येकातून मिळणारा आलेख म्हणजे लीड.

इथे एका लीडवर माणसाची कारकीर्द अडकते. आफ्रिकन वंशाच्या निरोगी खेळाडूंत व्ही-१ ते व्ही-४ मध्ये टी-लहरीच्या आधीचा एसटी हा भाग कमानीसारखा उचललेला आणि त्यामागे टी उलटी, असं बरेचदा दिसतं. २०१७च्या आंतरराष्ट्रीय निकषांत हे सरावाने घडलेल्या हृदयाचं चित्र, म्हणजे नॉर्मल धरलं आहे. गोऱ्या खेळाडूंच्या मापाने हीच ईसीजीची पट्टी वाचली की धडधाकट पोरगा आजारी ठरतो. मात्र व्ही-५, व्ही-६ मध्ये टी उलटी असेल तर खेळाडू कुठल्याही वंशाचा असो, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदयाचा स्नायू जाडावण्याचा आजार, शोधावीच लागते. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फो २६ जून २००३ ला फ्रान्समधल्या ल्योंच्या मैदानावर कोसळून दगावला, त्याच्या शवविच्छेदनात हाच आजार निघाला. म्हणून 'यांच्यात असं असतंच' म्हणून सोडून देणंही तितकंच घातक.

मुलाने शर्ट काढला तेव्हा छातीवर सकाळच्या स्टिकरचे गोल वळ अजून दिसत होते. व्ही-४ चा वळ हासळीच्या, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या, मध्यरेषेपेक्षा दोन बोटं आत, उरोस्थीकडे, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाकडे. त्यामुळे व्ही-५ चा स्टिकर नेमका व्ही-४ च्या जागी बसला होता. भरलेल्या छातीवर बरगड्या हाताला लागत नाहीत, मग घाईत स्तनाग्राच्या अंदाजाने चिकटवलं जातं आणि इथेच चूक होते. उरोस्थीवरचा उंचवटा बोटाने शोधायचा, त्याला लागून दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी फट. तिथून खाली मोजत चौथ्या फटीत उजवीकडे व्ही-१, डावीकडे व्ही-२. मग पाचव्या फटीत, हासळीच्या मध्यरेषेवर व्ही-४, आणि व्ही-२ व व्ही-४ यांच्या मधोमध व्ही-३. व्ही-५ काखेच्या पुढच्या कडेच्या रेषेत, व्ही-६ काखेच्या मध्यावर, दोन्ही व्ही-४ च्याच आडव्या पातळीत. बरगडीच्या वळणाबरोबर वर जायचं नाही. त्वचा गॉझने घासून, पाच मिनिटं पडून राहिल्यावर, २५ मिमी प्रति सेकंद वेगाने नवी पट्टी काढली. नाडी ४६. टी उलटी व्ही-४ पर्यंतच. व्ही-५ आणि व्ही-६ मध्ये ताठ उभी.

तेवढ्यावर काम संपत नाही. इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, डाव्या खालच्या कप्प्याची भिंत १३ मिमी भरली. गोऱ्या खेळाडूंत १२ च्या वर क्वचितच जाते. आफ्रिकन वंशाच्या खेळाडूंत १३ ते १५ सरावानेही दिसते, पण आजारही याच पट्ट्यात सुरू होतो. मग बाकीचं बघायचं. कप्पा ५७ मिमी रुंद, म्हणजे प्रशस्त. आजारात तो बहुधा लहानच राहतो. स्नायू सैल पडण्याचा वेग चांगला. झडपाही बारकाईने पाहिल्या, कारण १९९६ मध्ये नायजेरियाचा फुटबॉलपटू न्वांक्वो कानू ऑलिंपिक सुवर्ण घेऊन इंटर मिलान या इटालियन क्लबात आला तेव्हा महाधमनीच्या झडपेतला दोष क्लबाच्या तपासणीतच सापडला होता. नोव्हेंबरात शस्त्रक्रिया झाली, पुढच्या वर्षी तो मैदानात होता आणि नंतर आर्सेनलकडून खेळला. वेळेवर निघालेला दोष म्हणजे कारकिर्दीचा शेवट नव्हे, हे त्या मुलाला मुद्दाम सांगितलं.

भिंत १३ असल्याने संध्याकाळी गॅडोलिनियम, म्हणजे व्रण उठून दिसावेत म्हणूनचं औषध, देऊन एमआरआय केला. हृदयाच्या टोकाशी स्नायू जाडावला असेल तर इकोला तो निसटतो. टोक स्वच्छ, व्रण कुठेच नाही. रक्तात सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराचं वाहकत्व निघालं, म्हणजे स्वतःला आजार नाही, फक्त त्याचं एक जनुक आहे. नायजेरियात ते सर्रास आढळतं आणि त्याने खेळ थांबत नाही. फक्त उन्हातल्या सलग स्प्रिंटमध्ये पाणी आणि विश्रांती सोडायची नाही, असं कळवलं.

पावणेआठला अहवाल क्लबाच्या डॉक्टरांकडे गेला: खेळायला हरकत नाही, दरवर्षी ईसीजी आणि इको, कारण हा आजार विशीतही हळूहळू उघड होतो. सोबत इलेक्ट्रोड लावलेल्या छातीचा फोटो जोडला, पुढच्या वर्षीची पट्टी त्याच जागांवरून निघावी म्हणून.