दोन रकाने

सातवीत आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या बाई प्रयोगाआधी फळ्याचे दोन भाग करत. डावीकडे लिहीत ‘बदलायचं’, उजवीकडे ‘तसंच ठेवायचं’. डावीकडे एकच शब्द असायचा. उजवीकडची यादी आम्ही सांगायची आणि ती लांबतच जायची. शाळेच्या या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मला लिहायचंय ते त्या दोन रकान्यांविषयी. निरीक्षण, प्रश्न, अंदाज, प्रयोग, निष्कर्ष ही वैज्ञानिक पद्धतीची पावलं परीक्षेत आम्ही सगळेच धडाधड लिहायचो. ती प्रत्यक्षात कशी टाकायची, हे मात्र त्या फळ्यावर कळलं.

दोलकाचा प्रयोग मला आजही लख्ख आठवतो. दोऱ्याला गोलक बांधायचा, थोडा बाजूला ओढून सोडायचा आणि एका दोलनाला किती वेळ लागतो ते मोजायचं. प्रश्न असा, की गोलक जड केला तर हा वेळ बदलतो का? बाईंनी प्रत्येकाला आधी आपला अंदाज लिहायला लावला, तोही पेनाने, म्हणजे मागाहून खोडरबर चालणार नाही. ‘काहीतरी फरक पडेल’ असं लिहिलेली वही त्या परत करत. ‘जड गोलकाला कमी वेळ लागेल’ किंवा ‘दोघांना सारखाच लागेल’ असं ठाम लिहावं लागे. ‘हा अंदाज चुकला, असं तू कधी म्हणशील?’ हा त्यांचा ठरलेला प्रश्न. त्याचं उत्तर नसलेला अंदाज तपासताच येत नाही, आणि जे तपासता येत नाही त्यावर प्रयोगशाळेतला तास घालवायला त्या तयार नसत.

मोजण्याचीही एक रीत होती. एकाच दोलनाला स्टॉपवॉच लावलं, तर बटण दाबण्यातच एक-दोन दशांश सेकंद इकडे-तिकडे होतात. २० दोलनांचा वेळ घेऊन २०ने भागलं, की तीच चूक वीस ठिकाणी वाटली जाते. शिवाय मोजमाप पुन्हा पुन्हा करायचं आणि प्रत्येक आकडा वहीत ठेवायचा, न आवडलेलासुद्धा.

शेजारच्या गटाला मोठ्या, जड गोलकासाठी २० दोलनांमागे पाऊण सेकंद जास्त लागत होता आणि दर वेळी तेवढाच. म्हणजे हाताची चूक नव्हती. ‘वजन वाढलं की वेळ वाढतो’ असा निष्कर्ष त्यांनी लिहूनही टाकला. बाईंनी तो खोडला नाही. एवढंच विचारलं, “दोरा कुठून कुठपर्यंत मोजलात?” गाठीपर्यंत, २५ सेंटीमीटर. मग त्यांनी दोन्ही गोलक शेजारी-शेजारी लटकवून दाखवले. दोलकाची लांबी धरायची ती गोलकाच्या मध्यापर्यंत. लहान गोलकाची त्रिज्या १ सेंटीमीटर, मोठ्याची ३. म्हणजे एक दोलक २६ सेंटीमीटरचा आणि दुसरा २८चा. वजन बदलताना त्याच्या आडून लांबीही बदलली होती. मोठ्या गोलकाचा दोरा २ सेंटीमीटर आखूड केला आणि तो पाऊण सेकंद गेला. एका वेळी एकच गोष्ट बदलणं ऐकायला सोपं वाटतं. माझ्या मते प्रयोगातलं सगळ्यात कठीण काम तेच.

पुढच्या तासाला त्यांनी फ्रान्सेस्को रेदीची गोष्ट सांगितली. सडणाऱ्या मांसातून अळ्या आपोआप निपजतात, असं त्या काळी मानलं जाई. या इटालियन वैद्याने मांसाभोवती घोंगावणाऱ्या माश्या पाहिल्या आणि अळ्या माश्यांपासून येत असाव्यात असा अंदाज बांधला. त्याने काही बरण्या उघड्या ठेवल्या, काही बंद केल्या. अळ्या फक्त उघड्या बरण्यांत झाल्या. झालं सिद्ध? बाई थांबल्या आणि फळ्यावरच्या डाव्या रकान्याकडे बोट दाखवलं. बरणी बंद केल्यावर माशी अडली, पण हवाही अडली. बदललेल्या गोष्टी दोन! रेदीने मग बरण्यांच्या तोंडावर बारीक जाळीचं कापड लावलं. हवा आत, माशी बाहेर. अळ्या दिसल्या त्या कापडावर. आतल्या मांसात नाहीत. १६६८ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. सूक्ष्मजीवांच्या बाबतीत तोच वाद पुढे दोन शतकं चालला आणि लुई पाश्चरने वाकड्या, लांब मानेचा चंबू वापरला तो याच युक्तीने: हवा जाऊ द्यायची, धूळ अडवायची.

मी आज पाण्याच्या तपासणीचं काम करतो. नमुन्यांच्या प्रत्येक खेपेबरोबर एक कोरा नमुनाही लावतो, नुसत्या शुद्ध पाण्याचा; बाकी रसायनं, भांडी, वेळ सगळं तेच. त्यात काही सापडलं, तर दोष नमुन्यात नसून भांड्यात किंवा रसायनात आहे हे लगेच कळतं. हे नवीन सहकाऱ्यांना समजावताना मी कागदावर दोन रकाने आखतो.

एक गोष्ट मात्र तेव्हा वर्गात राहून गेली, ती आता शाळेत असलेल्या मुलामुलींसाठी लिहितो. दोलकाच्या प्रयोगात आमच्या उजव्या रकान्यात ‘कोन लहान’ असं असायचं, म्हणजे दोरा उभ्या रेषेपासून थोडाच बाजूला ओढायचा. का, ते आम्ही कधी तपासलं नाही. कोन कितीही घेतला तरी दोलनाचा वेळ तोच राहतो, असं गॅलिलिओचं मत होतं. मोठ्या झोक्याला वेळ जास्त लागतो हे डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सने दाखवलं. दोलकाच्या घड्याळांवरचा त्याचा ग्रंथ १६७३चा. ६० अंशांवरून सोडलेल्या दोलकाला साधारण ७ टक्के जास्त वेळ लागतो, आणि एवढा फरक शाळेच्या स्टॉपवॉचवर दिसायलाच हवा. लांबी आणि गोलक तेच ठेवा. १०, २०, ४०, ६० अंशांवरून सोडा. मोठा झोका लवकर लहान होत जातो, म्हणून तिथे दोलनं कमी मोजा आणि मोजणी जास्त वेळा करा. फरक कितव्या अंशापासून जाणवू लागेल, याचा अंदाज मात्र आधी पेनाने लिहा.