तयार झालेला चेहरा

सासवड, मुक्कामाचा दुसरा दिवस

काल माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला आली. घाटात कॅमेरे पुष्कळ असतात, आणि त्या गर्दीची छायाचित्रेही देखणी येतात. पण मला एकेका माणसाचा चेहरा हवा असतो, आणि त्यासाठी मुक्कामाचा हा दुसरा दिवसच योग्य, कारण आज वारकऱ्यांचे कपडे धुऊन झालेले असतात, पायांना तेल लावलेले असते आणि बोलायला सवड असते.

ओळखीच्या एका वाड्याच्या उत्तरेकडील ओसरीवर स्टूल मांडले. तेथे ऊन थेट येत नाही, त्यामुळे सुरकुत्यांमध्ये काळ्या सावल्या पडत नाहीत. ८५ मिलिमीटरची लेन्स घेऊन मी साधारण दोन मीटरवर बसतो. फार जवळ गेले की नाक मोठे दिसते हे खरे, पण या अंतराचा मला दुसराही उपयोग वाटतो: आवाज न चढवता बोलता येते आणि समोरच्याला अंगावर आल्यासारखे होत नाही.

सकाळी डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या एक आजी आल्या. स्टुलावर बसल्या आणि पदराने घाम पुसताना कपाळावरचे गोपीचंदनही पुसले गेले. तो क्षण मला फार आवडला. थकलेला, उघडा चेहरा होता. मी कॅमेरा उचलला, तसा त्यांनी हात आडवा धरला. "थांब रे बाळा. असा नको. भिंतीवर लावायचाय तो." शेजारणीकडून त्यांनी पुन्हा गोपीचंदन आणि बुक्का लावून घेतला, तुळस मांडीवर घेतली, पदर डोक्यावरून नीट केला आणि मग माझ्याकडे पाहिले. कोणती भिंत आणि केव्हासाठी, हे मी विचारले नाही. ते दोघांनाही ठाऊक होते.

नकळत टिपलेला चेहराच खरा असतो, असे मी अनेक वर्षे मानत आलो. आज ते मला पटेनासे झाले आहे. आपण कसे आठवले जावे हे ठरवून एखादी बाई जेव्हा समोर बसते, तेव्हा त्या ठरवण्यात तिचे सारे आयुष्य असते; ते बाजूला सारून तिचा बेसावध क्षण उचलणे म्हणजे तिच्या घरात न विचारता शिरणे होय.

दुपारी एक विणेकरी आले. चेहरा मोकळा दिसावा म्हणून वीणा बाजूला ठेवण्याची विनंती मी केली, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "माउली, वीणा खाली ठेवत नाहीत. दुसऱ्याच्या गळ्यात घालूनच ती उतरवायची." इतक्या वर्षांच्या वारीनंतर ही गोष्ट मला ठाऊक असायला हवी होती. मी माफी मागितली. दुसरा कोणी जवळ नव्हता, म्हणून ते उभेच राहिले, आणि मीही स्टूल सरकवून उभा राहिलो. विण्याचा दांडा चेहऱ्याच्या एका कडेवरून तिरपा गेला आहे. आता वाटते, तो नसता तर छायाचित्र अपुरे राहिले असते.

आजींना आठ बाय बाराची प्रत हवी आहे. पत्ता म्हणून त्यांनी गावातल्या किराणा दुकानाचे नाव लिहून घ्यायला लावले आणि दोनदा वाचून दाखवायला सांगितले. उद्या पहाटे पालखी जेजुरीकडे निघेल. विणेकऱ्यांचा पत्ता घ्यायचा राहून गेला. त्यांची दिंडी रथामागची आहे, क्रमांक वहीत आहे, तेव्हा निघण्यापूर्वी त्यांना गाठले पाहिजे.